मामीनं मागितलेली सावली

माझ्या मामीकडं शिवायला टाकलेला कपडा वेळेवर मिळायचा, अंगाला नीट बसायचा आणि शिलाईही वाजवी असायची. अडचण एकच होती. कपडा हातात पडण्याआधी सही करावी लागायची. कशावर करायची ते दर वेळी वेगळं असायचं. मामी घडी घातलेला कपडा मांडीवर ठेवायची, त्यावर अर्ज, अर्जावर पेन, आणि मग गिऱ्हाइकाकडं बघून हसायची. त्या हसण्यापुढं भलेभले गारद व्हायचे. एक हेडमास्तर होते, ते म्हणाले, आधी वाचतो, मग सही करतो. मामी म्हणाली, अवश्य वाचा, तोवर मी तुमच्या कोटाची बटणं काढून पुन्हा घट्ट लावते. हेडमास्तरांना त्याच कोटात संध्याकाळची गाडी गाठायची होती. त्यांनी न वाचताच सही केली.

कुणी तिला समाजसेविका म्हटलं तर ती भडकायची. समाजसेविकेला खुर्ची लागते, मला स्टूल पुरतं, असं ती म्हणायची. आणि ते खरंच होतं. घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान, खिडकीशी मशीन, मशीनपुढं ते स्टूल. आयुष्य तिनं त्या स्टुलावर काढलं, आणि तिथून उठली तर ती पालिकेत जायला. खिडकीतून रस्ता दिसायचा आणि रस्त्यापलीकडं बाग. चांगली ऐसपैस बाग होती. मामी दिवसभर तिच्याकडं तोंड करून बसलेली असायची, पण बागेत जाऊन बसलेली मी तिला कधी पाहिली नाही. बसायला वेळ कुणाला आहे, म्हणायची. तो मान मामाचा होता.

मामा गाद्यांच्या कारखान्यात कापूस पिंजायच्या यंत्रावर होता. जन्मभर लोकांच्या पाठीखाली मऊ मऊ भरलं आणि त्यातलं थोडं स्वतःच्या छातीत भरून घेतलं. नोकरी सुटली तोवर त्याचा दम इतका कमी झाला होता की त्याला लांब वाक्यं परवडत नव्हती. चार शब्द बोलायचा, थांबायचा, आणि मग पुढचे बोलण्यासारखे आहेत का ते ठरवायचा. बहुतेक वेळा नसायचे. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्याला फवाऱ्याचं औषध दिलं आणि सांगितलं, दुपारी घरात कोंडून घेऊ नका, झाडाखाली मोकळ्या हवेत बसा. मामानं ते मनावर घेतलं. बागेच्या फाटकापाशी एक भलंमोठं झाड होतं. त्याचं नाव आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं, सगळे मोठं झाडच म्हणायचे. दुपारचं जेवण झालं की मामा हळूहळू रस्ता ओलांडायचा आणि त्या झाडाखाली बसायचा. संध्याकाळी परत येताना त्याची वाक्यं थोडी लांब झालेली असायची. मामीला त्यावरूनच कळायचं, आज दिवस बरा गेला.

मामीचा पहिला अर्ज वाचनालयासाठी होता. आमच्या भागातल्या मुलांना अभ्यासाला जागा नव्हती, मी त्यांच्यातलीच एक. पालिकेच्या छापील अर्जात वर विषय, मग कारण, मग ‘प्रस्तावित जागा’ असा एक रकाना आणि खाली सह्या असं असायचं. मामीनं सगळं भरलं आणि जागेचा रकाना तेवढा कोरा सोडला. मी विचारलं, तर म्हणाली, “आपण मागायचं. कुठं बांधायचं ते त्यांचं काम. तेही आपणच सांगितलं तर त्यांना वाटेल ही बाई डोक्यावर बसायला आली.” गिऱ्हाइकानं कापड आणावं, कापायचं कुठं ते शिंप्यावर सोडावं, हा तिचा धंद्यातला नियम होता. तोच तिनं पालिकेला लावला. पहिली सही मामाची घेतली. मामानं अर्ज वाचला नाही. तू लिहिलंयस ना, म्हणाला, आणि सही केली. पुढं प्रत्येक अर्जावर पहिली सही त्याचीच असायची आणि प्रत्येक अर्जात तो रकाना कोराच असायचा.

पालिकेकडं जमीन नव्हती असं नाही. एका जागेवरून भावाभावांचा खटला चालू होता, दुसरीवर कुणाचं तरी गोदाम उभं होतं आणि तिसरीबद्दल विचारू नका, असं तिथला शिपाईसुद्धा डोळ्यांनी सुचवायचा. बागेला असलं काही लफडं नव्हतं. तिच्यासाठी कोर्टात जाईल असं तिचं कुणी नव्हतं. ती मोकळी होती, आणि जे मोकळं ते रिकामं, असा पालिकेचा सरळ हिशेब. कोऱ्या रकान्यात पालिकेतल्या साहेबांनी लिहिलं, बागेचा कोपरा.

वाचनालय छान झालं. त्यासाठी थोडी झाडं गेली, पण कोपराच होता, आणि पुस्तकं वाचणाऱ्या मुलांकडं बघून झाडांबद्दल बोलायला कुणाला तोंड नव्हतं. मी तर त्या वाचनालयात बसूनच परीक्षा पास झाले, तेव्हा मी काय बोलणार. मामीचा हुरूप वाढला. मग तिनं पाण्याची टाकी मागितली, कारण वरच्या मजल्यांवर पाणी चढत नव्हतं. टाकी आली, बागेच्या दुसऱ्या कोपऱ्यात. मग अग्निशमनाची गाडी जवळ उभी राहावी म्हणून अर्ज गेला, आणि तीही सोय झाली, तिसऱ्या कोपऱ्यात. रस्त्यावर वाट्टेल तशा गाड्या लावतात म्हणून पार्किंग मागितलं, तेव्हा कोपरे संपत आले होते. साहेबांनी ‘बागेची बाजू’ असा नवा शब्द काढला. कापलेल्या झाडांच्या बदल्यात शहराबाहेर रोपं लावल्याचं पालिकेनं पत्रानं कळवलं. मामा म्हणाला, “छान. श्वास घ्यायला... बसनं जाऊ आता.” मामी त्यावर हसली. तेव्हा आम्ही सगळेच हसलो.

यातली एकही गोष्ट वाईट नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवते. बागेत दारूचं दुकान काढलं असतं तर भांडायला सोपं गेलं असतं. इथं जे येत होतं ते सगळं लोकांच्या उपयोगाचं, आणि सगळं मामीच्या हस्ताक्षरात मागितलेलं.

मग पार्किंगवर फरशी बसली आणि खालच्या गल्लीत पाणी शिरायला लागलं. आमचा रस्ता उताराचा आहे. पूर्वी पाऊस पडला की बाग तो पिऊन टाकायची, खाली यायचं ते नावापुरतं. आता सगळं पाणी फरशीवरून थेट चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात जाऊ लागलं. तो बिचारा वहाणा दोरीला टांगून खुर्चीवर पाय घेऊन बसायचा. मामीला ते बघवेना. तिनं पाणी उपसायच्या पंपासाठी अर्ज केला. पंप मंजूर झाला, आणि पंपाला खोली लागते. ती खोली कुठं झाली हे तुम्हाला सांगायची गरज नसावी. पंपाच्या खोलीसाठी आणखी जमीन झाकली गेली, त्यामुळं पाणी आणखी वाढलं, आणि पंप कमी पडायला लागला. चपलावाल्यानं स्वतःच पायात गमबूट चढवले.

पाखरांनी टाकीखालच्या लोखंडी पट्ट्यांवर बिऱ्हाडं केली आणि आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर वचपा काढायला सुरुवात केली. खिडकीतून येणारा वारा तव्यावरून फिरून आल्यासारखा लागू लागला. मामीनं मशीन खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीशी नेलं आणि खिडकीला जाड पडदा शिवला. शेजाऱ्यांनी घरात एसी बसवले, त्यांचे डबे रस्त्याकडं तोंड करून, म्हणजे जी काही गरमी घरात होती ती रस्त्यावर. मामी म्हणायची, उन्हाळे हल्ली कडक झालेत. जसं काही उन्हाळा कुठून तरी पार्सलनं येत होता.

याच काळात मामाची धाप वाढली. मोठं इस्पितळ लांब, जाईपर्यंत त्याचे ओठ निळे पडायचे. एकदा रस्त्यात गाड्यांच्या रांगेत अडकलो तेव्हा मामीनं त्याचा हात इतका घट्ट धरला होता की तिची नखं त्याच्या मनगटावर उमटली. परत आल्यावर तिनं मशीनवरचं काम बाजूला ठेवलं आणि दवाखान्यासाठी अर्ज लिहायला घेतला. हा अर्ज तिनं समाजासाठी लिहिलेला नव्हता, आणि तसा आवही तिनं आणला नाही. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, माझ्या नवऱ्यासाठी मागतेय, सही करा. तिच्या सगळ्या अर्जांत या अर्जावर सर्वांत जास्त सह्या झाल्या.

दवाखाना बागेच्या मधल्या हिरवळीवर झाला. आता फाटकाजवळचं मोठं झाड, त्याच्या भोवतीची थोडी माती, आणि टाकीच्या नि पार्किंगच्या भिंतीमध्ये एक बाक, एवढीच बाग उरली. पण मामी खूश होती. पडदा सारला की समोर दवाखाना. मामाला पहिल्या दिवशी ती स्वतः घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण आणि मन लावून ऐकणाऱ्या. त्यांनी मामाची छाती तपासली, वाफ दिली, फवारा बदलला, आणि म्हणाल्या, दुपारी घरात कोंडून घेऊ नका, झाडाखाली मोकळ्या हवेत बसत जा. मामा म्हणाला, “होतं एक झाड. तुमची खुर्ची आहे ना... तिच्या जरा डावीकडं.” डॉक्टरीणबाईंनी मामीकडं पाहिलं. मामी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

तरी मोठं झाड होतं. मामाचं तिथलं बसणं चालूच होतं. पण आता तो एकटा नव्हता. दवाखान्याला बाहेर थांबायची सोय नव्हती, रांग उन्हात. म्हातारे, लेकुरवाळ्या, पाय मोडलेले, सगळे जमेल तसे झाडाखाली यायचे आणि उरलेले डोक्यावर कागदपत्रांच्या पिशव्या धरून उभे राहायचे. एका बाईला रांगेत चक्कर आली ती मामीनं पडद्यातून पाहिली. तिच्या पायाला भिंगरी लागली. तिनं अर्ज लिहिला, दवाखान्याच्या दारात रुग्णांसाठी सावलीची सोय करावी. मामापुढं ठेवला. मामानं पेन हातात घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा विचारलं, “जागा?”

मामी म्हणाली, “ती आपण कधी लिहितो का?”

मामानं सही केली. त्यालाही बसायला बरं होईल, हा तिचा हिशेब होता. सावली आणखी मोठी झाली तर झाडाखालची गर्दी कमी होईल, त्याला नीट हवा लागेल.

शेड मंजूर झाली आणि इंजिनियर फीत घेऊन आला. त्यानं दवाखान्याचं दार मोजलं, फाटक मोजलं, आणि मग मोठ्या झाडाच्या बुंध्यावर पिवळ्या रंगानं फुली मारली. मामा तेव्हा झाडाखालीच बसला होता. इंजिनियरनं त्याला काका जरा सरका म्हटलं आणि तो सरकला. मामीनं पडद्यातून फुली पाहिली, गळ्यात माप घ्यायची टेप तशीच, पायात चपला उलट्या, आणि ती पालिकेत पोचली. मी तिच्या मागं धावत होते.

साहेब मामीला चांगले ओळखत होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, आणि ती चक्क बसली. सावली मागितली होती, झाड कापायला नाही सांगितलं, असं ती म्हणाली. साहेबांनी शांतपणे समजावलं. झाडाची सावली हलती असते, सकाळी इकडं, दुपारी तिकडं, पाखरं वरून घाण करतात, पानं गटारात जातात. शेड कायमची. आणि दारात सोय करा असं अर्जातच आहे, दारात जागा तेवढीच. मामी म्हणाली, शेड दुसरीकडं हलवा. साहेब वाद घालणारे नव्हते. त्यांनी भिंतीवरच्या नकाशाजवळ तिला नेलं आणि पेन्सिल तिच्या हातात दिली.

“हलवू की, मामी. तुम्ही सांगा कुठं. हे वाचनालय, ही टाकी, ही अग्निशमनची गाडी, हे पार्किंग, हा पंप, हा दवाखाना. सगळं तुम्हीच मागितलेलं. यातलं काय पाडू?”

मामी पेन्सिल घेऊन नकाशासमोर उभी राहिली. ज्या बाईनं हेडमास्तरांना बटणांवर अडवलं, तिची पेन्सिल नकाशावर नुसतीच फिरत राहिली. मला साहेबांचा राग आला होता, पण खरं सांगायचं तर त्यांच्या बोलण्यात मला एकही खोट सापडली नाही, आणि त्याचाच जास्त राग आला. मामीनं पेन्सिल टेबलावर ठेवली आणि आम्ही घरी आलो. वाटेत ती एवढंच म्हणाली, रकाना भरायला हवा होता.

झाड पडायला बराच वेळ लागला. मामीनं पडदा ओढून घेतला आणि दिवसभर मशीन चालवलं, आवाज येऊ नये म्हणून. मामा आत पडून होता. मशीन थांबलं की करवत ऐकू यायची, म्हणून ती दोरा संपला तरी नुसतीच पाय मारत राहिली.

शेड मात्र झकास झाली. निळा पत्रा, लोखंडी खांब, खाली गुळगुळीत फरशी, आणि वर पाटी, ‘रुग्ण सावली केंद्र’. उद्घाटनाला साहेबांनी मामीला बोलावलं, नाही म्हणायची सोय नव्हती. फीत कापायला कात्री कुणी आणलीच नव्हती. सगळ्यांनी मामीकडं पाहिलं. तिच्या पिशवीत तिची कात्री असायचीच. तिनं ती काढली आणि फीत कापली. सरळ कापली, तिला वाकडं कापता येत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाषणात तिला या भागाची माउली म्हणाले. दुपार होईपर्यंत पत्रा इतका तापला की शेडखाली थांबणं मुश्किल झालं, आणि रांग शेडमधून निघून पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन उभी राहिली. तेव्हापासून ती तिथंच उभी असते. शेडमध्ये आता स्कूटर लावतात.

मामाला त्या आठवड्यात जोराचा झटका आला. दवाखाना समोरच होता, आम्ही त्याला लगेच नेलं, वाफ मिळाली, सुई मिळाली, तो वाचला. मला हे लिहायलाच हवं, कारण दवाखाना नसता तर तो वाचला नसता. आणि मोठं झाड असतं तर त्याला झटका आला असता का, हे मला माहीत नाही. मामीनं तो प्रश्न डॉक्टरीणबाईंना विचारला. त्या म्हणाल्या, असं सांगता येत नाही. मग म्हणाल्या, दुपारी घरात कोंडून ठेवू नका त्यांना. पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

बरं वाटल्यावर मामानं पुन्हा काठी घेतली आणि रस्ता ओलांडला. टाकीच्या नि पार्किंगच्या भिंतीमध्ये तो एक बाक होता ना, तिथं जाऊन बसला. बाकाशेजारी माणूस आडवा होईल एवढी माती शिल्लक होती. तिच्यात गवत होतं, कडेला कुणी टाकलेली बाटली होती, आणि दोन भिंतींच्या फटीतून कधीमधी वारा यायचा. मामा तोंड त्या फटीकडं करून बसायचा.

मामीनं चार दिवस अर्जांना हात लावला नाही. दुकानात येणारे लोक कपडे घ्यायचे आणि सही मागितली नाही म्हणून गोंधळून दारात उभे राहायचे. पाचव्या दिवशी दुपारी तिनं छापील अर्ज काढला आणि लिहायला बसली. झाड हवं, असा अर्ज. एकच झाड, मोठं होणारं. कारणाच्या जागी तिनं लिहिलं, नवऱ्याला बसायला. आणि या वेळी जागेचा रकाना तिनं भरला, अगदी बारकाईनं, टाकीची भिंत कुठं, पार्किंगची कुठं, बाक कुठं, त्याच्या उजव्या अंगाला किती माती आहे, सगळं. मला वाचून दाखवलं. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता. आता त्यांना दुसरं काही भरताच येणार नाही, म्हणाली.

पहिली सही मामाची. तो बाकावर होता, म्हणून मामी अर्ज आणि पेन घेऊन रस्ता ओलांडून गेली. मी छत्री घेऊन बरोबर. मामी बाकावर मामाच्या शेजारी बसली. इतक्या वर्षांत बागेत बसलेली मी तिला पाहिली ती हीच पहिली वेळ. तिनं अर्ज त्याच्या मांडीवर ठेवला.

मामानं तो वाचला. त्यानं आजवर तिचा एकही अर्ज वाचला नव्हता. बोट ओळीखालून नेत नेत तो जागेच्या रकान्यापाशी आला आणि तिथं थांबला. मग त्यानं पेनाचं टोपण लावलं आणि पेन तिच्या हातात परत दिलं.

“नको गं,” तो म्हणाला. “इथं अजून जागा आहे... हे त्यांना कशाला कळवतेस?”

मामी त्या मातीकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिनं ते पुसलं नाही. पलीकडून पत्र्याची शेड तापून कडकड वाजत होती. मामाला धाप लागली होती, बोलल्यामुळं लागली असेल. मामीनं अर्जाची घडी घातली, नीट, आधी उभी, मग आडवी, आणि त्या घडीनं ती त्याला वारा घालायला लागली.